कापायच्या टेबलावरचा गुरुवार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. कोणाचा दाब नाही, नशापाणी नाही. नुकतीच मालिश झाल्याने अंग सैल आहे, पण डोकं जागेवर आहे. कर्करोगामुळे माझा डावा स्तन काढला; ते ऑपरेशन आणि पुढचे उपचार संपून दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, तब्येत ठणठणीत. तेव्हा मरायची घाई नाही. घरात टंकलेखक आयता आहे. टंकलेखक म्हणजे माझे यजमान, कचेरीतून निवृत्त. त्यांना एक गोष्ट विचारायचा दोन वर्षं धीर झाला नाही. ती कलम पाचमध्ये येईल. तिच्यासाठीच हा घाट.

"कुठली गोष्ट?"

"आधी घर टाइप करा."

१. राहतं घर माझ्या स्वकष्टार्जित पैशांतून घेतलेलं आहे. माझ्या पश्चात यजमानांनी त्यात हयातभर राहावं, नंतर ते मुलीचं. बँकेतली ठेवही तिचीच. खिडकीतली खुर्ची मात्र तिने हलवू नये. सकाळी नऊला तिथे पाठीवर ऊन येतं. उपचारांत तोंडाची चव गेली होती. ती परत आली तेव्हा मी त्याच खुर्चीत चहा पीत होते. साखर कमी आहे हे मला कळलं, आणि मी आनंदाने रडले.

२. थोरल्या जाऊबाईंना माझी मोठी कात्री. मी मालिश करून घ्यायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "या वयात हे कसले लाड? आता कोणाला दाखवायचंय?" उत्तर आता देते: कोणालाच नाही, मला बरं वाटतं म्हणून. कात्रीला धार लावून ठेवली आहे. जिभेला लावायची गरज नाही.

३. कापायचं टेबल मालिशवालीला. डॉक्टरांना विचारून, डाव्या हाताला कसं हलकं चोळायचं ते शिकून घेऊन, ती दर गुरुवारी माझ्या पहिल्या मजल्यावरच्या दुकानात येते. तिचा स्वतःचा घडीचा बाक डुगडुगतो, म्हणून शटर ओढून मी याच टेबलावर गादी टाकून आडवी होते. पहिल्या दिवशी मी अंगातले कपडे काढेना. ती म्हणाली, "ताई, तुम्ही गिऱ्हाइकाचं माप स्वेटरवरून घेता का?"

"नाही."

"मग झालं तर."

तिने व्रण पाहिला, हात एकमेकांवर घासून गरम केले आणि खांद्यापासून सुरुवात केली. वर्षभर माझ्या अंगाला सुया, नळ्या आणि हातमोजेच लागले होते. उघडा, गरम तळहात त्या दिवशी लागला. पाचव्या मिनिटाला मी घोरत होते म्हणे. इथे यजमानांची हरकत: "घोरणं मृत्युपत्रात कशाला?" राहू दे.

४. निळा ब्लाऊज मुलीला. आजारानंतर स्वतःसाठी शिवलेला हा पहिला. कापड दुमडून एक बाजू कापली की दोन्ही सारख्या निघतात. चाळीस वर्षांचा हात, कात्री आपोआप चालली. घातला तेव्हा डावी बाजू रिकामी लोंबली. साऱ्या गावाची मापं घेणारी मी, स्वतःचं माप घ्यायला विसरले. आधी तोंडात मारल्यासारखं झालं, मग हसू आवरेना. तो उसवू नये.

५. उरलेलं सगळं यजमानांना. त्यातली एक गोष्ट माझ्या पश्चात देता येणार नाही, म्हणून हे कलम आजपासून लागू. ऑपरेशन झाल्यापासून हे पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपतात. माझी औषधं सांभाळतात, पाय चेपून देतात, पण डाव्या बाजूला चुकूनही हात लावत नाहीत. अहो, किळस येते का?

इथे टाइप करणं थांबलं.

"दुखेल म्हणून भीती वाटायची गं. आणि मला वाटलं, तुलाच नको असेल."

दोघंही शहाणेच म्हणायचे. तरी लिहा: व्रणाजवळ दोन बोटांएवढी जागा बधिर आहे, तिथे मला काही कळत नाही. बाकी सगळीकडे कळतं.

यापुढचा मजकूर माझ्या हस्ताक्षरात आहे. टंकलेखकाचा हात रिकामा नाही.

साक्षीदार: तळमजल्यावरचे घड्याळजी आणि समोरच्या बटणवाल्या बाई. दोघं सह्यांसाठी बाहेर जिन्यात थांबले आहेत. त्यांना जरा वेळाने आत घेऊ.

स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: आजचा गुरुवार
सही: थोडी वाकडी आली आहे, पण माझीच आहे