गार्ड फलाटावरच राहिला

दिनांक ९ नोव्हेंबर. सकाळी आठला शेड उघडली. डबे पुसले. दिवसभर सिनेमावाले होते. पाचला गेले.

तीर्थस्वरूप वहिनींना नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितल्यावर तुम्ही डॉक्टरच बदललेत असं पुतणीकडून कळलं. (तिने चहाडी केली नाही, मीच खोदून विचारलं.) मी बरा आहे. वेळेवर जेवतो.

पत्राला कारण असं, की दादाचा गार्डाचा कोट मी तुम्हाला न विचारता अंगात घातला. दादा गेल्यावर तुम्ही तो 'तुमच्या रेल्वे संग्रहालयात देऊन टाका' म्हणून माझ्या हातात दिलात. मी नेला, पण दिला नाही. इथल्या माझ्या कपाटात छत्रीशेजारी टांगून ठेवला. म्हणजे वर्षभर तो संग्रहालयातच होता, एवढं तरी मी खोटं बोललेलो नाही.

सिनेमावाल्यांना जुनं स्टेशन हवं होतं. आमच्याकडे एक फलाट, एक बंद घड्याळ आणि चार डबे आहेत. इंजिनही आहे, पण त्याच्या पोटात काही उरलेलं नाही, म्हणून त्यांनी गाडी ढकलायला बारा माणसं आणली होती. गार्ड म्हणून आणलेला नट असा भरभक्कम, की त्यांनी शिवलेल्या कोटाची बटणं पहिल्याच श्वासाला उडाली. मग दिग्दर्शक (तिशीचा असेल, पण घसा साठीचा) दुसरा कोट शोधत माझ्या कपाटापर्यंत पोचला. कोट कोणाचा ते मी सांगितलं. "काका, तुम्हीच घाला. पाठमोरेच दिसणार आहात," म्हणाला. दादाच्या बाह्या मला बोटांपर्यंत येतात हे तुम्हाला माहीत आहे. त्या दुमडल्या, पुढून टाचण्या लावल्या आणि मला फलाटावर उभं केलं.

काम सोपं होतं. नायिका डब्याच्या दारात रडत उभी राहणार, मी हिरवं निशाण दाखवणार, बाराजण ढकलणार. मी निशाण दाखवलं नाही.

"काका, निशाण!"

"दारात माणूस उभं आहे."

"अहो, तिला तिथेच उभं राहायचंय! आणि गाडी जाणार शंभर पावलं."

पण दारात कोणी उभं असताना दादाने कधी हिरवं दाखवलं नाही, आणि कोट त्याचा होता. असं सहा वेळा झालं. शेवटी ढकलणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "आजोबा, आमच्या खांद्यांचाही एखादा नियम असेल की तुमच्याकडे!" नायिका शहाणी निघाली. दार लावून आत बसली आणि खिडकीतून बघू लागली. दिग्दर्शकाने ते पाहिलं आणि हे आपल्याला कालच सुचलं होतं असं सगळ्यांना सांगितलं.

मग मी निशाण दाखवलं. गाडी हलली. मी बघत राहिलो. मागून ओरडा झाला, "काका, चढा! गार्ड खाली राहिला!" वहिनी, मला चढायचं होतं हे लक्षातच आलं नाही. दादा जेवणाचा डबा घरी विसरायचा आणि तुम्ही मला पिटाळायचात. डबा त्याच्या हातात द्यायचा आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभं राहायचं, एवढंच मला स्टेशनवर येतं. बाराजणांनी गाडी परत आणली. दुसऱ्यांदाही मी उभाच. तोवर ऊन गेलं. त्यामुळे सिनेमात गाडी गार्डाशिवाय जाणार. दादाचे जुने सोबती आठ दिवस हसतील.

तब्येतीला जपा.

तुमचा
धाकटा दीर

ता. क. सिनेमा लागला की पुतणी तुम्हाला नेईलच. पाठमोरा दिसेल तो मी आहे. आधीच सांगून ठेवतो.

आणखी एक. एवढं पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. आमच्या साहेबांनी आज तो कोट पाहिला. आता त्यांना तो काचेच्या पेटीत ठेवायचा आहे. त्यासाठी ते तुमची संमती मागतील. तुम्ही मोठ्या मनाने 'हो' म्हणाल, म्हणून घाईने लिहितो. कृपा करून 'नाही' म्हणा. एक ओळ पुरे. इथे तुम्हाला हट्टी म्हणतील, पण ते मी सोसेन.

पाकीट बंद करण्याआधी फलाटावर एक चक्कर मारून आलो. सिनेमावाल्यांनी डब्याची दोन दारं उघडीच टाकली होती. दोन्ही लावली, कड्या ओढून पाहिल्या, आणि कोट पुन्हा छत्रीशेजारी टांगला.