तुझ्या ढिगावर मी बांधलेला दुधाचा कॅन

पोसम क्रीक, केंटकी
२९ जून १९८८

तीर्थस्वरूप हॅस्केलदादा,

धाकट्या ऑर्व्हिलचा मनापासून नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक. ॲरिझोनाची हवा कोरडी म्हणून तुझ्या डार्लाने लेकीच्या हक्काने तुला तिकडे नेलं, तेव्हा ती हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली असेल, असं मी धरून चालतो. (नेडीन म्हणते, धरून चालू नकोस, नीट विचार. तर नीट विचारतो : गुडघे कसे आहेत?) माझी पाठ आणि नेडीनची साखर, दोन्ही होत्या तिथेच आहेत. टोमॅटो यंदा भरपूर. मी एवढं गोड बोलतोय म्हणजे काहीतरी घोटाळा केलाय, हे तू ओळखलंच असशील. केलाय. बसून वाच.

तू जाताना धरणाच्या तलावात बुडवलेल्या झाडांचा तुझा ढीग माझ्या हवाली केलास. वसंतात काय, अंडी घालायला क्रॅपी मासे काठाला येतात तेव्हा आपला डॉयल न्हावीसुद्धा बादली भरतो आणि गावभर मिरवतो. पण एकदा अंडी घालून झाली, पाणी तापलं, की मासे खोल जातात, आणि मग ज्याने तळाशी झाडं बुडवून ठेवलीत त्यालाच ते भेटतात. तू मला तीन अटी घातल्या होत्यास : कुणाला न्यायचं नाही, दुसरी होडी दिसली की तिथे थांबायचं नाही, आणि पाण्यावर खूण ठेवायची नाही. जागा नुसत्या डोळ्यांनी शोधायची. चर्चच्या मनोऱ्याचं टोक दगडखाणीच्या कड्यावर आलं आणि त्याच वेळी पाण्याची टाकी पुलाच्या तिसऱ्या खांबामागे लपली, की बरोबर खाली अठरा फुटांवर ढीग. मी मान डोलावली होती. फार जोरात डोलावली होती, तेव्हाच तुला संशय यायला हवा होता.

तर झालं असं की, मे महिन्यात चर्चची सभा भरली. मनोरा कुजलाय, वाऱ्यात हलतो, दुरुस्त करायचा की पाडायचा? पाडायला पहिला हात कुणी वर केला असेल? मी. नुसता हात नाही, भाषणही केलं. (मी बसतो ती जागा घंटेच्या नेमकी खाली, हे तुला ठाऊक आहे. मला माझ्या डोक्याची काळजी होती. आता वाटतं, कशाला होती?) मनोरा पाडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जूनच्या पहिल्या सोमवारी मी बांबूच्या काठ्या आणि डबाभर जिवंत चारा घेऊन होडी बाहेर काढली, टाकी खांबामागे आणली, ऐटीत मान वळवून मनोरा शोधला, आणि तिथे नुसतं आकाश! घरी येऊन सांगितलं तर नेडीन म्हणाली, "सभेत हात वर करताना मासे आठवले नाहीत वाटतं? शहाणाच आहेस!" मी जेवलोही नाही.

नऊ दिवस मी त्या रेषेवर नांगर ओढत हिंडलो. पाठ मोडून आली. दहाव्या दिवशी दुपारी नांगर अडकला. दोरी हलवली तर खाली फांद्या लवल्यासारखं वाटलं. चारा सोडला, पहिला मासा लागला, आणि मी आनंदाने असा काही हिसका मारला की त्याचा ओठ फाटून गळ रिकामा वर आला. (क्रॅपीचं तोंड कागदासारखं असतं, हे मला तूच शिकवलंस, मी सहा वर्षांचा असताना.) पुढचे बारा मात्र घरी आले. दादा, मी होडीत बसून रडलो. आणि ही जागा पुन्हा हरवली तर, या धास्तीने एक दुधाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन दोरीने तिथेच तरंगता बांधला. फक्त उद्या सकाळपर्यंत, असं स्वतःलाच बजावून.

कॅन पांढरा. पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसणारा. सकाळी पोचलो तर तिथे अकरा होड्या, आणि सगळ्यांत पुढे आपले पाद्रीबाबा. "ये ऑर्व्हिल, ये!" ते ओरडले. "कुणी भला माणूस खूण ठेवून गेलाय बघ!" कॅन माझा म्हणावं, तर ढीग कुणाचा ते सांगावं लागणार. डॉयल म्हणाला, "उशीर केलास म्हाताऱ्या, आता रांगेत थांब." आणि तुझ्याच ढिगावर मी रांगेत थांबलो.

इथवर हसला असशील तर पुढचं वाचताना हसू नकोस. आठवडाभर त्यांच्या नांगरांनी तळ उपसला. परवा डॉयलच्या नांगराला देवदाराची फांदी आली, आणि तिच्यावर तारेने बांधलेली लाल प्लास्टिकची फीत. त्याने ती शिवी देऊन फेकली. मी जाळीने उचलली. तारेचा तो दुहेरी पीळ वहिनीशिवाय दुसऱ्या कुणाचा नाही. ते वहिनीच्या शेवटच्या नाताळचं झाड. तिने अंथरुणातून सजवलेलं, आणि जानेवारीत तू एकट्याने नेऊन बुडवलेलं. तू मला हे कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. फीत पाकिटात घातली आहे. माझं चुकलं, दादा. फार चुकलं. मी काठ्या माळ्यावर टाकल्या आहेत, आता या जन्मात क्रॅपीच्या वाटेला जाणार नाही.

तुझा नालायक भाऊ,
ऑर्व्हिल

ता. क. दर ऑगस्टमध्ये तू चाळीस-चाळीस मासे आणायचास, आणि परतताना होडी धरणाच्या बाजूने यायची. आपला ढीग तर पुलाकडे. म्हणजे आणखी एक ढीग आहे. आहे ना?

ता. क. २ नेडीनने वरचं वाचलं आणि विचारलं, ही माफी आहे की दरोडा? तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

ता. क. ३ जागा पत्रात लिहू नकोस. मला सांगूच नकोस. तू ये. खालची खोली रिकामी आहे, एकही पायरी चढायला नको. डार्ला नको म्हणेल, तिच्याशी मी बोलतो. काठाला मी तुला धरून होडीत बसवेन, मग होडी तू चालव. पोचेपर्यंत मी डोळ्यांवर पट्टी बांधून बसेन. परत येतानाही सोडणार नाही. मला ती जागा नको, दादा, तू मागे बसलेला हवास.