ताईचे नैसर्गिक फोटो

४ मार्च
फॅशन फोटोग्राफी बंद. तीस वर्षं कपड्यांचे फोटो काढले, पुरे झालं. आता खरं आयुष्य टिपायचं. डॉक्युमेंटरी. विषय घरातच आहे: ऑपरेशननंतर माझ्याकडे राहायला आलेली ताई. औषधांनी तिचे केस गेलेत, दिवसभर डोक्याला स्कार्फ असतो. झोपेत तो सरकतो. आज सरकला. चार फोटो मिळाले. अप्रतिम.
नियम ठरला: विचारायचं नाही. विचारलं की माणूस पोज देतो.

९ मार्च
पहाटे खोलीत कसला खटका वाजला, असं ताई विचारत होती. म्हटलं, पाल असेल. हे खोटं नव्हे, कामाची पद्धत आहे.

१३ मार्च
प्रदर्शनासाठी गॅलरीवाल्याला फोटो दाखवले. चष्मा काढून पुसत बसला. भारावला असणार. मग म्हणाला, त्यांना विचारलंय ना? मी म्हटलं, अहो, सख्ख्या बहिणी आहोत आम्ही. मलाच शिकवतोय! मॉडेल कपडे बदलत असताना पडद्याआड डोकावला, म्हणून एका असिस्टंटला मी त्याच दिवशी घालवला होता. पण ते वेगळं. त्या मुली परक्या.

१७ मार्च
माझ्या खोलीत प्रिंट्स लावले. सगळ्यांत ताईचे डोळे मिटलेले आहेत, तरी कुणीतरी बघतंय असं वाटत राहतं. प्रिंट्स उलटे करून ठेवले. धूळ बसते म्हणून.

१८ मार्च
उगाच कॉन्व्हेंटचं हॉस्टेल आठवलं. कपडे बदलायला आडोसा नसायचा. मी लहान, लाजरी. ताई रोज माझ्यापुढे चादर धरून उभी राहायची, स्वतःचे डोळे घट्ट मिटून. एकदा सिस्टर हसून म्हणाल्या, बहीणच ना तुझी, मग डोळे कशाला मिटतेस? ताई म्हणाली, बघ म्हणून ती कुठे म्हणालीय?
आज हे कशावरून आठवलं, कोण जाणे. काम थांबवायचं नाही.

२२ मार्च
बाथरूमचं दार नीट लागत नाही. माझ्या पथ्यावरच पडलं. उजेड सुंदर होता. तिसऱ्या फोटोला ताईने मान वळवली. ओरडली नाही. टॉवेलही ओढून घेतला नाही. एवढंच म्हणाली, "मला विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं गं."
म्हणजे परवानगी मिळाली. जरा उशिरा, इतकंच.

२३ मार्च
ताई जेवायला बाहेर आली नाही. ताट आत आणू का, असं विचारलं. दार वाजवून विचारलं, बरं. मग भाचीचा फोन आला: आईला उद्या सकाळी न्यायला येतेय. कारण सांगितलं नाही. मायलेकींना कलेतलं काही कळत नाही.

२३ मार्च, संध्याकाळ
आत कपाट उघडल्याचा आवाज येतोय. बॅग भरत असणार. प्रदर्शनाचा शेवटचा फोटो हाच व्हायला हवा होता. पण कॅमेरा घ्यायचा नाही असं ठरवलंय. तेवढं मला कळतं. किल्लीच्या भोकातून एकदा नुसतं बघून येते.
आले बघून. काही दिसलं नाही. भोकात आतून कापूस कोंबलाय.
तरी बराच वेळ डोळा लावून बसले होते.