चापाला बोट न लावता

दि. ४ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

तुमच्या लाडक्या पिस्तुलाची नवी आवृत्ती आमच्या कारखान्यातून बाहेर पडली. चाचणी विभागात मी रोज तीच हाताळते. तुम्ही तीस वर्षं ज्या शस्त्रागारात दुरुस्त्या केल्यात, तिथेही पोचली असेल. जुनं-नवं शेजारी ठेवून बघा आणि कळवा. नावं ठेवणार हे ठाऊक आहे. काकू म्हणते, त्या पिस्तुलाच्या निम्मं कौतुक तिच्या वाट्याला आलं असतं तरी पुरलं असतं.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची पुतणी

दि. १५ मार्च

चि. पुतणीस अनेक आशीर्वाद.

गेलो होतो. जुनं अखंड पोलादातून कोरलेलं. नव्याचे भाग साच्यातले, कडा बोटाला बोचतात, रंग नखाने निघतो. किळस आली. तुझ्या साहेबांसाठी शिव्या जुळवतच ते उघडलं, तर आत मसुराएवढा अडसर. चाप ओढेपर्यंत तो फायरिंग पिनला, म्हणजे काडतुसाच्या टोपीवर आदळून ते पेटवणाऱ्या खिळीला, हलू देत नाही. जुन्यात तो नाही; तिथे पिन नुसत्या स्प्रिंगच्या भरवशावर, जोराचा धक्का बसला तर आपोआप पुढे सरकेल अशी.

सात वर्षांपूर्वी शस्त्रांची कोठी सांभाळणाऱ्या आमच्या कोठीवाल्याच्या हातून असंच जुनं पिस्तूल निसटून नळीवर पडलं होतं. फरशीवरून उसळलेली गोळी त्याच्या गुडघ्यात घुसली. चापाला बोट लावलं नव्हतं, असं तो चौकशीत परोपरीने सांगत होता. मी हसलो, आणि चाप ओढल्याशिवाय हे पिस्तूल उडूच शकत नाही, असं तज्ज्ञ म्हणून लिहून दिलं. त्याची नोकरी गेली.

जुनं एखादं मिळव. दारू-गोळी काढलेलं, नुसती टोपी असलेलं काडतूस घालून पाडून बघ.

तुझा काका

दि. २८ मार्च

ती. काकांस सा. न.

दहादा पाडलं. तिसऱ्यांदा आणि आठव्यांदा टोपी फुटली. चापाजवळ कुणाचंही बोट नव्हतं.

याहून ओंगळ गोष्ट पुढेच आहे. त्या अडसराचं रेखाचित्र आमच्या कपाटात सापडलं, कोठीवाल्याच्या अपघाताच्या दोन वर्षं आधीचं. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, तेव्हा बदल केला असता तर आधीची सगळी पिस्तुलं सदोष ठरली असती. हे सांगताना ते नखं कापत होते. रेखाचित्राची प्रत आणि माझ्या सहीचा अहवाल सोबत आहे. माझी नोकरी राहील असं वाटत नाही.

तुम्हाला माहीत नव्हतं, काका. स्वतःला जपा, एवढं माझ्यासाठी करा.

तुमची पुतणी

दि. ६ एप्रिल

चि. पुतणीस आशीर्वाद.

माहीत नव्हतं हे खरं, पण मी पाडूनही पाहिलं नव्हतं. त्याची शिसारी येते.

कोठीवाला आता घड्याळं दुरुस्त करतो, पाय लांब करून बसतो. बस म्हणाला नाही, बरं केलं. अहवाल उभ्यानेच वाचून दाखवला. टोपी फुटल्याची ओळ त्याने दोनदा वाचायला लावली. मग बायकोला आतून बोलावलं आणि तिच्यासमोर तिसऱ्यांदा. इतकी वर्षं तिचाही त्याच्यावर विश्वास नव्हता.

माझं जुनं मत खोटं होतं, असं त्याच्याच टेबलावर लिहून दिलं. त्याने ते माझ्या हाती परत दिलं आणि म्हणाला, हे इथे नको, जिथे हसला होतास तिथे वाच. उद्या दहा वाजता आम्ही दोघं शस्त्रागारात जातोय.

नोकरी गेली तर सरळ घरी ये. काकूने तुझी खोली झाडून ठेवली आहे.

तुझा काका