माझ्याच सहीची बदली

२० ऑगस्ट १९९७, मुंबई
मंत्रिमंडळाची बैठक. मधेच जोशींनी (माझे पी.ए.) चिठ्ठी सरकवली. खैरीचा गणपत गेला, काल दुपारी. साप.
पहिल्या निवडणुकीपासूनचा माणूस. सायकलला भोंगा बांधून गिरडकडची सगळी खेडी फिरला. त्या वेळी डिपॉझिट गेलं तर मी नाही, तो रडला होता.
लगेच उठता आलं नाही, विषय माझ्याच खात्याचा. संध्याकाळच्या गाडीनं निघतो.

२१ ऑगस्ट, खैरी
माझी वाट पाहून काल सायंकाळी सगळं उरकलं. त्याची बायको, सुमनवहिनी, ओट्यावर बसलेल्या. रडत नव्हत्या.
"सोयाबीनच्या निंदनात होते. चावला तरी बोलून राह्यले होते. जीपवाला म्हने, सिद्धा वर्ध्याले नेतो. हे म्हनले, काऊन? भाऊनं तालुक्याले दवाखाना देल्ला, तिथंच चाल. डाक्टर असनच."
डॉक्टर नव्हता. तीन महिन्यांपासून नाही. औषध फ्रिजमध्ये होतं, पण कंपाउंडरला टोचायची हिंमत झाली नाही. मग वर्ध्याकडे निघाले. अर्ध्या रस्त्यात, जीपमध्येच.
त्या दवाखान्याची फीत मी कापली होती.
निघताना वहिनी म्हणाल्या, "मुंबईहून आले भाऊ. लय झालं."

२६ ऑगस्ट, मुं.
परवा जोशींना सांगितलं, डॉक्टर कोणी हलवला ते शोधा. फार चिडलो होतो. नाव कळू दे, त्याची सालं काढतो, वगैरे.
आज जोशी फाइल घेऊन आले. टेबलावर ठेवली आणि उभेच राहिले. डॉक्टरबाईंच्या बदलीच्या अर्जाला शिफारसपत्र जोडलेलं. लेटरहेड माझं. सही माझी.
मग आठवलं. मे महिन्यात आल्या होत्या. कडेवर तान्हं मूल, नवरा नागपूरला, डोळ्यांत पाणी. कुटुंब एकत्र राहिलं पाहिजे, तीच आपली संस्कृती, असं काहीतरी बोललो आणि पत्र दिलं. त्यांच्या जागी कोण येणार, हे विचारलंच नाही.
जोशी म्हणाले, "साहेब, त्या दिवशी अशी बरीच पत्रं गेली."
बाईंचं काय चुकलं? काहीच नाही.

२९ सप्टेंबर
महिन्याच्या सुरुवातीलाच आरोग्य खात्याच्या मंत्र्यांना गाठलं होतं. म्हणाले, "आदेश काढतो हो भाऊ, पण रुजू कोण होणार?"
आदेश निघाला. एक डॉक्टर आला, गळकं क्वार्टर पाहिलं, रजेवर गेला तो गेलाच. दुसऱ्यानं येण्याआधीच एका मंत्र्याचं पत्र आणून बदली रद्द करून घेतली. मी कोणत्या तोंडानं बोलू?

५ ऑक्टोबर, खैरी
गणपतची शोकसभा. आर्वीहून कार्यकर्ते आले होते. सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो. वहिनी पुढेच बसलेल्या, डोक्यावर पदर, माझ्याकडे पाहत.
उभा राहिलो आणि सेवा, शिस्त, निष्ठा. पंचवीस वर्षं जे बोलतो तेच तोंडातून आलं. थांबवता येईना. शेवटी टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या.
गाडीत जोशी म्हणाले, "बरं झालं साहेब, नाहीतर उद्या पेपरवाल्यांनी..." मी काच खाली केली.

२० ऑक्टोबर १९९९
निवडून आलो. सरकार मात्र गेलं, मंत्रिपदही. लाल दिवा काढताना ड्रायव्हरचेच डोळे भरले.
खैरीनं भरभरून मतं दिली. सुमनवहिनी माझ्यासाठी घरोघर फिरल्या म्हणे. हे ऐकलं आणि ताटावरून उठलो. सौ. म्हणाली, निवडून आलात ना, मग असं का तोंड?

३ जुलै २००२
दवाखान्यात डॉक्टर येतो आता, आठवड्यातून दोनदा. साप काय वार पाहून चावतो?
निवेदन दिलं होतं. उत्तर आलं: 'कार्यवाही सुरू आहे.' हेच वाक्य मी किती जणांना पाठवलं असेल.

१८ ऑक्टोबर २००४
पडलो. पक्ष म्हणतो, आता मार्गदर्शन करा. म्हणजे घरी बसा.

१२ जानेवारी २००६, खैरी
एस.टी.नं आलो, एकटाच. वहिनी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "बसा भाऊ, वाळून गेले तुमी."
बसलो आणि सांगितलं. बाई, मूल, पत्र, सही. सगळं. साडेआठ वर्षं लागली.
त्यांचा हात थांबला नाही.
"मले ठाऊक हाये. कंपाउंडरनं तेराव्यालेच सांगतलं."
म्हणजे शोकसभेत पुढे बसल्या तेव्हाही. मतं मागत फिरल्या तेव्हाही.
"मंग बोलल्या काऊन नाई?" माझ्या तोंडून तिथलीच बोली निघाली.
"तुमी कवा सांगता, ते पाहून राह्यली होती."
सूप उचललं आणि आत गेल्या.
हे ओट्यावरच लिहितो आहे. अर्धा तास झाला. आतून भांड्याचाही आवाज नाही. हाक मारावी की उठून जावं, कळत नाही.