डावीकडचा फोटो

४ मार्च, सकाळी
आजपासून मी बदलणार. मुळापासून. डायरी त्यासाठीच आणली. फोनवर वजन उतरवून देणारे एक कोच सर आहेत, त्यांच्या पेजवर लिहिलंय, प्रवासाची नोंद ठेवा आणि स्वतःशी प्रामाणिक राहा. स्वतःशी प्रामाणिक राहणं मला जड नाही. गिऱ्हाइकांशी राहणं जड जातं, पण टेलरिंगच्या धंद्यात ते कोणालाच जमत नाही.

कारण लिहून ठेवतो. काल फोनवर बोक्याचा फोटो दिसला. बोका म्हणजे माझ्या वर्गातला. शाळेत पळायच्या शर्यतीत माझ्याही मागे असायचा. आज पोटावर चौकोन काढून, शर्ट काढून, पाण्याच्या कडेला उभा. त्याखाली दादानं, म्हणजे माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं, लिहिलंय : याला म्हणतात माणूस!

मला दादा लहानपणापासून गोणी म्हणतो. चारचौघांत. माझ्या लग्नातसुद्धा म्हणाला, माईक चालू असताना. माझ्या एकाही फोटोखाली त्यानं आजवर अक्षर लिहिलेलं नाही. सख्खा भाऊ माझा आणि कौतुक बोक्याचं. मला दादाकडून तीच एक ओळ हवी आहे. बाकी काही नको.

४ मार्च, संध्याकाळी
उद्यापासून. घरात बिस्किटांचा पुडा फोडलेला होता. फोडलेला पुडा ठेवला की सादळतो.

११ मार्च
‘नवा मी’ हा तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स घेतला. कोच सर व्हिडिओवर बोलले. मला चॅम्प म्हणाले! मी बोललो त्यातलं अर्धं त्यांनी ऐकलं नाही, पण चॅम्प म्हणाले. इतक्या वर्षांत घरातल्या कोणाला हा शब्द सुचला नाही.

सुरुवातीचा फोटो मागितला. पाठवला. पोट इतकं आत ओढलं होतं की पाठीला लागलं असेल. म्हटलं, पहिलंच इम्प्रेशन आहे.

२० मार्च
व्यायामाचा नीट विचार केला. टेलर दिवसभर उभा असतो. मशीनवर पाय चालतात, इस्त्रीनं दंड भरतात. वेगळा व्यायाम करणं म्हणजे शरीरावर अन्याय.

एक मात्र केलं. पॅन्टला कंबरेत शिलाईच्या आत कापड राखलेलं असतं, ते उसवून पॅन्ट मोकळी केली. वाकायला बरं.

२७ मार्च
पॅन्ट सैल!! चक्क पट्टा लावावा लागला! कोच सरांना लगेच कळवलं. त्यांनी आगीची तीन चित्रं पाठवली.

दुकानात काजबटणं करणाऱ्या मावशी म्हणाल्या की ही पॅन्ट तुम्ही परवाच उसवलीत ना. मी सांगितलं, मावशी, मला निगेटिव्ह लोकांपासून लांब राहायला सांगितलंय. त्या म्हणाल्या बरं, आणि बटण लावत बसल्या.

८ एप्रिल
कपाटाच्या आरशासमोर दंड फुगवून फोटो टाकला. कोच सरांचा लाइक आला. अस्तराचं कापड पुरवणाऱ्याचाही आला. त्याचं बिल मी थकवलंय, त्यामुळे तो लाइक धरत नाही. दादानं फोटो पाहिला, असं फोन दाखवतो. पाहिला आणि पुढे गेला. रस्त्यात समोरून येऊन मान फिरवावी तसं.

बायकोचाही लाइक नाही. शेजारणीच्या मांजराला आहे. विचारलं तर म्हणाली की तुम्ही दिवसभर समोर दिसता, त्यात आणखी लाइक काय करायचं. मनाला लागलं. जेवताना बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही, म्हणून भात पुन्हा मागून घेतला.

२ मे
वजनाचा काटा आणला. खराब निघाला. बायको उभी राहिली तर बरोबर दाखवतो, मी उभा राहिलो की वाढवून सांगतो. आता वस्तूसुद्धा माणूस बघून वागायला लागल्या. दुकानदार बदलून देईना. त्यानं स्वतः उभं राहून दाखवलं. अपमान.

निश्चय : उद्यापासून फक्त उकडलेल्या भाज्या.

३ मे
उकडलेल्या भाज्यांवर थोडं लोणी चालतं. कुठे चालत नाही असं लिहिलेलं नाही.

२६ मे
कोर्स संपत आला. शेवटचा फोटो द्यायचा. बायकोला काढायला लावलं. चेहरा स्वच्छ आला पाहिजे, असं बजावलं. तोंड लपवायला मी काही गुन्हा केलेला नाही. श्वास कोंडून उभा राहिलो. तिला बटण सापडेना. मग तिला हसू आलं. मी श्वास सोडला आणि नेमकं तेव्हाच तिनं दाबलं. बाकीचे सगळे हललेले, म्हणून तोच पाठवला.

कोच सरांचं उत्तर क्षणात! परफेक्ट, चॅम्प, असाच फोटो हवा होता, येत्या रविवारी पेजवर टाकतो. डोळ्यांत पाणी आलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, दादाला वेगळा मेसेज केला. रविवारी बघा म्हटलं, फक्त बघा.

२ जून, सकाळी
आला. दोन फोटो शेजारीशेजारी. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’.

डावीकडे मी आहे.

मार्चमधला नव्हे. परवाचा. श्वास सोडलेला. उजवीकडे कोणीतरी भलताच. आरशातून काढलेला, तोंडापुढे फोन, पोटावर बोक्यासारखे चौकोन.

बराच वेळ मोरीत जाऊन उभा राहिलो. असा दगा मला कोणी दिला नव्हता. तीन महिने या माणसाला मी देव मानलं.

२ जून, दुपारी
कोच सरांना फोन लावला. शांतपणे म्हणाले की चॅम्प, चांगला ‘आधी’ मिळत नाही रे, लोक लाजतात. तुझ्यात एक नैसर्गिकपणा आहे. मी विचारलं, मग मार्चचा का नाही घेतला? म्हणाले, त्यात तू बराच बारीक दिसतोस. उजवीकडचा त्यांचा मेव्हणा.

मी तोंड सोडणारच होतो. तेवढ्यात ग्रुपवर दादाचा मेसेज आला. याला म्हणतात माणूस! माझा भाऊ!

मी कोच सरांना थँक्यू म्हणालो आणि फोन ठेवला.

४ जून
अभिनंदनाचे मेसेज थांबत नाहीत. मी कुठेही खोटं बोललेलो नाही. फक्त धन्यवाद लिहितो. धन्यवाद हा काही पुरावा नव्हे. मावशींना फोटो दाखवला. त्यांनी उजवीकडच्याकडे पाहिलं आणि याची पॅन्ट कुठल्या टेलरनं बिघडवली, एवढंच विचारलं.

संध्याकाळी दादाचा फोन. मला नावानं हाक मारली. खरं नाव, आईनं ठेवलेलं. म्हणाला, साखर वाढली आहे, डॉक्टर कधीचे ओरडतायत, पण या वयात जमणार नाही म्हणून सोडून दिलं होतं. तुझा फोटो पाहिला आणि उठलो. त्यानंही कोर्सचे पैसे भरले. फोटोसुद्धा पाठवून दिला. रविवारी येतोय. मला बघायला. आणि दोन पॅन्ट शिवायला टाकायला, कंबरेत लहान.

निश्चय : रविवारच्या आत बारीक होणं.

५ जून
उपास. पाणी आणि लिंबू. चार वाजता बिस्किटं.

९ जून
दादा येणार म्हणून कटिंगच्या टेबलावर सुटाच्या कापडाची ठाणं रचली आणि मागे उभा राहिलो. फक्त डोकं दिसेल असं. ठरवलं होतं, तिथूनच बोलायचं.

पण दादा दारातून आला तो थेट टेबलाला वळसा घालून. काही कळायच्या आत मिठी मारली. आमची पोटं आधी भेटली. त्याचे हात माझ्या पाठीवर होते, ते हळूहळू सैल झाले. मागे सरून त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

मी सांगून टाकलं. दादा, उजवीकडचा मी नाही.

तो स्टुलावर बसला. मावशी चहा सांगायला म्हणून बाहेर गेल्या. दादा म्हणाला की जन्मात पहिल्यांदा त्याला माझा हेवा वाटला होता, आणि हेवा वाटून बरं वाटलं होतं. ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवला होता. मग म्हणाला, सांगायचं होतंस रे मला. तेवढंच. मला वाटलं आता तरी गोणी म्हणेल. तेही म्हणाला नाही. मला रडू येत होतं, म्हणून मी टेप घेऊन त्याच्या कंबरेचं माप घेऊ लागलो.

त्यानं किती म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझ्याएवढीच. मग सकाळी चालायला जायचं ठरलं. दोघांनी. उद्यापासून.

१० जून
गेलो नाही. दादाही आला नाही. एकमेकांना विचारायचं टाळलं.

१३ जून
कोच सरांच्या पेजवर नवा फोटो. उजवीकडे तोच मेव्हणा. डावीकडे दादा.

दादाचा फोन आला. म्हणाला, गोणी, बघितलंस का? आणि खो खो हसत सुटला. मीही हसलो. किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. दोघांनी मिळून कोच सरांना यथेच्छ शिव्या दिल्या. माझ्या मनात आता या फोनविषयी काहीही उरलेलं नाही. कोणाच्या लाइकवर माझी किंमत ठरत नाही, हे मला कळलं. यापुढे पेज उघडणार नाही.

१३ जून, संध्याकाळी
पेज सहज उघडलं. दादाच्या फोटोला माझ्यापेक्षा जास्त लाइक आहेत. कितीतरी जास्त. त्यात बायकोचाही आहे. माझ्या फोटोला नव्हता.

विचारलं. म्हणाली, भाऊजी थोडेच रोज समोर दिसतात.