झाकण न उघडणारा कॉम्प्युटर

प्रिय केदार,

आज बाबा फक्त तुझे, माझे नाहीत, हे आधीच सांगते. तू पाठवलेला टॅब्लेट त्यांनी काल उचकटला. स्क्रू सापडेनात, म्हणून माझं उलथणं गॅसवर तापवून! काच तडकली. वर मलाच ऐकवतात, ज्याचं झाकण उघडत नाही तो कसला कॉम्प्युटर!

मग नेहमीचं पुराण. बाबा शाळेत फिजिक्स शिकवायचे तेव्हा काकांनी अमेरिकेहून आणलेला ॲपल टू कॉम्प्युटर आठवतो ना? आत बोटं घालून आपण फटके खायचो, तोच. त्याचं झाकण नुसत्या हाताने निघायचं, आत रिकाम्या खाचा, ज्याला जे कार्ड हवं ते त्याने बसवावं. बाबांच्या मते सगळे प्रतिस्पर्धी त्यावरूनच शहाणे झाले. आयबीएमसारख्या बड्या कंपनीनेही आपल्या पीसीत तशाच खाचा ठेवल्या. बाकीच्यांचे पडदे काळेपांढरे होते, याचे रंग बघून तेही रंगीत झाले. आणि आता मेल्यांनी झाकणंच चिकटवून टाकली! हे ऐकून ऐकून सोनईहून भाजी आणणारी छबूबाई आता आपली गल्लीच टाळते.

दुरुस्तीवाल्या आदिनाथने हात जोडले. माझं डोकंच फिरलं. चांगला चालू होता, उघडलात कशाला, म्हणून मी बाबांवर ओरडले. तर म्हणतात, चालू कुठला? दिवाळीपासून त्यात केदार दिसत नाही. आत काहीतरी सुटलं असणार.

अरे, रोज पूजा आटोपली की टॅब्लेट पुसून समोर धरून बसायचे. चार्जर बदलून झाला. वायफायवाल्याला बोलावून त्या बिचाऱ्याला झापलं. जन्मभर पोरांना हेच शिकवलं ना, की दोष आधी यंत्रात शोधायचा.

मेसेज केला की तुझ्या निळ्या खुणा तेवढ्या येतात, म्हणून हा कागद. आईच्या वर्षश्राद्धाला तू आला नाहीस, त्यावरून मी भांडले. ते मी मागे घेणार नाही. पण अबोला माझ्याशी धर, त्यांचा काय गुन्हा? नवा टॅब्लेट मुळीच पाठवू नकोस. माझ्या मोबाईलवर फोन कर, मी त्यांच्या हातात देऊन अंगणात जाईन. यंत्र धडधाकट होतं, पलीकडून कुणी येतच नव्हतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तूही ते त्यांना कधी कळू देऊ नकोस.

तुझीच, वैतागलेली,
लीनाताई
श्रीरामपूर